मैत्रीवरून राखी पौर्णिमेचं ग्रहण दिसेल का? दिसेल ताई, पण आधी क्षितिज बघायला सांगा

ताई, तुम्ही शिरपूरहून विचारलंय की धाकटा भाऊ अंटार्क्टिकाला मैत्री स्टेशनवर विंटरला, म्हणजे अख्खा हिवाळा काढायला, आहे, २८ ऑगस्ट २०२६ ला राखी पौर्णिमेच्या दिवशी चंद्रग्रहण आहे, आपल्याकडे ते दिसणार नाही असं पंचांगात आहे, तर त्याला तिथून दिसेल का, फोटो कसा काढायचा, एवढ्या थंडीत काय सांभाळायचं, आणि आजी विचारून राहिल्यात की तिकडे वेध पाळायचे का. मी अमळनेरचा. दोन विंटर काढल्या, २०१८ ची मैत्रीला आणि २०२२ ची भारतीला, काम जनरेटरचं, आकाश बघणं हा शाळेपासूनचा नाद. दोन्ही वेळेस ग्रहण आलं, एक पोटभर बघितलं आणि दुसरं डोळ्यादेखत हातातून गेलं, म्हणून थोडं लांबण लावून लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

आधी सरळ उत्तर. मैत्रीवरून दिसेल. भारतीवरून जवळजवळ नाहीच. दोन्ही आपलीच स्टेशनं, दोन्ही ७० अंश दक्षिणेच्या आसपास, पण दोघांमधलं सरळ अंतर साधारण तेवीसशे किलोमीटर आहे आणि तेवढ्या अंतराने सगळा खेळ बदलतो. मैत्री साधारण पावणेबारा अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारती ७६ वर, म्हणजे भारतीला सूर्य-चंद्र सगळं सव्वाचार तास आधी होतं. हे ग्रहण यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, पहाटे २:३४ ला सुरू, मध्य ४:१३ ला आणि सुटणार ५:५२ ला. आपल्या घड्याळात सकाळी ८:०४ ते ११:२२, म्हणजे तेव्हा शिरपूरला ऊन किंवा ढग, चंद्र कधीच मावळलेला. मैत्रीला ग्रहण लागतं तेव्हा चंद्र वायव्येला एकवीस अंशांवर, मध्याला पश्चिमेच्या जरासा उत्तरेकडे चौदा अंशांवर, आणि सुटताना पश्चिम-नैर्ऋत्येला फक्त पाच-साडेपाच अंशांवर राहील. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश, म्हणजे शेवटी शेवटी चंद्र अर्ध्या मुठीएवढाच वर. भारतीला मात्र ग्रहण लागायच्या वेळीच चंद्र क्षितिजाला टेकलेला असेल आणि पुढचं सगळं जमिनीखाली. त्यामुळे भाऊ मैत्रीला आहे हे नशीबच म्हणा.

हे खग्रास नाही बरं का, खंडग्रास आहे, पण ९३ टक्के, म्हणजे एका कडेला नखाएवढी चमकती कोर राहील आणि बाकीचा चंद्र तांबूस-काळपट.

आता हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारायची गरज नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, झोपणाऱ्या माणसाला हे न शिकवता माहिती असतं की वैशाख-जेष्ठाची पौर्णिमा दक्षिणेकडून खालून खालून जाते, आणि मार्गशीर्ष-पौषाची पौर्णिमा पार डोक्यावरून. कारण पौर्णिमेचा चंद्र नेहमी सूर्याच्या बरोबर समोर. सूर्य उत्तरेला वर गेला की चंद्र दक्षिणेला खाली, सूर्य दक्षिणेला गेला की चंद्र उत्तरेला. आता हाच हिशेब उचलून अंटार्क्टिकात न्या. जून-जुलैत तिथे सूर्य उगवतच नाही, कारण तो उत्तरेला गेलाय, मग त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र मावळत नाही, चोवीस तास गोल गोल फिरत राहतो. आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळत नाही तेव्हा पौर्णिमेचा चंद्र उगवतच नाही. चंद्रग्रहण फक्त पौर्णिमेलाच होतं, म्हणून तिथल्या विंटरवाल्यांना जून-जुलैचं ग्रहण म्हणजे घरचं कार्य आणि डिसेंबरचं ग्रहण म्हणजे दुसऱ्या गावची जत्रा. ऑगस्ट मधे पडतो. चंद्र साडेनऊ अंश दक्षिणेला आहे, उगवतो पण मावळतोही, मग कुठल्या वेळेला ग्रहण लागतंय त्यावर सगळं ठरतं.

अगदी दक्षिण ध्रुवावर, जिथे अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट स्टेशन आहे, तिथे तर अजूनच गंमत. चंद्र पंधरा दिवस वर, पंधरा दिवस खाली, आणि ग्रहण चालू असताना तो वरही चढत नाही आणि खालीही उतरत नाही, क्षितिजाला समांतर नुसता सरकत जातो, बैल घाण्याभोवती फिरतो तसा.

बरं, २०१८ चं सांगतो, कारण त्यातूनच मी काय शिकलो ते कळेल. २७ जुलै २०१८, गुरुपौर्णिमा. या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास, १०३ मिनिटं चंद्र पूर्ण सावलीत. एवढं लांब का, तर चंद्र सावलीच्या जवळजवळ मधोमध गेला आणि त्याच दिवशी तो पृथ्वीपासून लांबच्या टोकाला होता, म्हणजे दिसायला लहान आणि चालीला हळू. त्याच दिवशी मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आला होता, चारच दिवसांनी ३१ जुलैला तो पृथ्वीपासून ५ कोटी ७६ लाख किलोमीटरवर आला, २००३ नंतर एवढा जवळ आलाच नव्हता. तो चंद्राच्या शेजारी सहा-सात अंशांवर, निखाऱ्यासारखा. अमळनेरच्या माणसाला, ज्याच्या गावात मंगळ ग्रहाचं मंदिर आहे, त्याला लाल चंद्राशेजारी लाल मंगळ आणि तोही अंटार्क्टिकातून, अजून काय पाहिजे सांगा.

सूर्य नुकताच परत आलेला होता तेव्हा, दोन महिने गायब होता, आता दुपारी क्षितिजाला घासून जरा तोंड दाखवायचा आणि लगेच जायचा. मी जोडीदाराला जनरेटर रूमची दोन तासांची ड्युटी बदलून मागितली, बदल्यात पुढच्या आठवड्यातली माझी भांडी घासायची पाळी डबल. (तिकडे विंटरला सगळे पाळीपाळीने सगळी कामं करतात, लीडरपासून खालपर्यंत, हे तुमच्या भावाने सांगितलं नसेल तर विचारा.) चंद्र ईशान्येकडे चढत चाललेला, मध्याला बत्तीस अंशांवर येणारा, वारा पडलेला, प्रियदर्शिनी तलाव गोठून पांढरा, आणि पौर्णिमेमुळे एवढा उजेड की टॉर्चची गरज नाही, बुटाची लेस दिसत होती. मग उजव्या बाजूने काळं चढायला लागलं. इथे मी पहिल्यांदा चमकलो. गावाकडे चंद्र दक्षिणेला बघतो तेव्हा सावली डावीकडून लागते. तिकडे आपण उत्तरेला तोंड करून बघतो, सगळा चंद्रच उलटा, ससा डोक्यावर उभा, म्हणून सावली उजवीकडून. मंगळ पण आपल्याकडे चंद्राच्या खाली दिसत होता त्या रात्री, तिकडे चंद्राच्या वर. वाचून माहिती होतं सगळं, पण डोळ्याने बघितल्यावर डोकं दोन मिनिटं ऐकायलाच तयार नाही.

आणि खरी गोष्ट पुढेच. पूर्ण लागलं ना, तसा उजेड गेला. गेला म्हणजे किती, खग्रासात चंद्राचा उजेड दहा हजार पटीने किंवा त्याहूनही जास्त कमी होतो. मघाशी ज्या आकाशात दहा-वीस तारे दिसत होते त्याच आकाशात आकाशगंगा उघडली, आणि दक्षिणेला हिरवट पट्टा हलत होता, अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड. पौर्णिमेला अरोरा फिकटच दिसतो, उजेडात विरून जातो, आणि अमावस्येला चंद्र नसतो. लाल चंद्र, तारे आणि अरोरा एकाच वेळी फक्त खग्रासात मिळतात. मी त्यातली पहिली वीस मिनिटं कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकं घालून घालवली. फोकस लागेना, बॅटरी लाल दाखवायला लागली, हातमोजा काढला, बोट बधीर झालं, परत घातला. शेवटी बरोबरचा डॉक्टर म्हणाला भो, वर तरी बघ. तेव्हा वर बघितलं.

घरी फोन लावला सॅटेलाइटवरून. आई म्हणाली, "आठे ते नुस्तं आभाय शे, काहीच दिखत नई." म्हणजे नुसते ढग, काही दिसत नाही. जुलैतलं खानदेश, दुसरं काय असणार.

आता २०२२ चं थोडक्यात, कारण तुमच्या भावाला हेच जास्त कामाचं आहे. १६ मे २०२२, बुद्ध पौर्णिमा, भारतीला होतो. खग्रास. मी वेळा काढल्या, बॅटऱ्या गरम ठेवल्या, २०१८ च्या सगळ्या चुका टाळल्या, सगळं तयार. फक्त उंची काढली नाही नीट. ग्रहण लागलं तेव्हा चंद्र दहा अंशांवर, छान दिसलं, अर्धा चंद्र खाल्लेला मस्त दिसला, मग तो खाली खाली जात राहिला, पूर्ण लागलं तेव्हा सहा अंश, मध्याला साडेतीन अंश, आणि तिकडे बरोबर समोरच्या बाजूला सूर्य क्षितिजाखाली तेवढाच, म्हणजे आकाश उजळून निळं झालेलं. खग्रासातला अंधुक लाल चंद्र उजळलेल्या आकाशात शोधायचा म्हणजे दिवसा काजवा शोधण्यासारखं. त्यात त्या दिशेला टेकाड आडवं. मी उभा राहिलो, बघत राहिलो, कुठे गेला ते कळलंच नाही. ढग नव्हते, वारा नव्हता, कुणाला दोष द्यायला जागा नाही, चूक माझीच.

यातून एक साधा नियम लक्षात ठेवायचा. ग्रहणात सूर्य आणि चंद्र बरोबर समोरासमोर, म्हणून चंद्र जितके अंश वर तितकाच सूर्य खाली. चंद्र वीस अंशांवर असेल तर सूर्य वीस अंश खाली, आकाश पूर्ण काळं. चंद्र बारा-चौदावर असेल तर आकाश बऱ्यापैकी काळं. सहाच्या खाली आला की उजाडलंच समजा. आपल्या गावी पण हे लागू आहे, पण गावी चंद्र भराभर चढतो, अर्ध्या तासात प्रश्न मिटतो. ध्रुवाकडे तो तिरपा सरकतो, तासनतास त्याच उंचीवर रेंगाळतो, म्हणून तिथे तारखेपेक्षा उंची आणि दिशा महत्त्वाची.

तर भावाला हे सांगा. २८ ऑगस्टला त्याच्यासाठी चांगला वेळ म्हणजे यूटीसी अडीच ते साडेचार. स्टेशनचं घड्याळ कुठल्याही टाइमवर चालू दे, त्याने एक घड्याळ यूटीसीला लावून ठेवावं, गोंधळ नको. मध्यापर्यंत आकाश काळं, चंद्र उंच. त्यानंतर ग्रहण सुटत जाईल तसं आकाश उजळत जाईल. पण साडेपाचनंतरही आत पळू नको म्हणावं, कारण तेव्हा पश्चिमेला एक वेगळीच गोष्ट दिसू शकते. उजाडताना सूर्याच्या समोरच्या बाजूला क्षितिजावर निळसर-करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा, आपल्याकडे पण दिसतो, सातपुड्याकडे मोकळं रान असेल तर हिवाळ्यात रोज दिसेल, लक्ष जात नाही एवढंच. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली हवेवर पडलेली. आणि चंद्रावरचा काळा डाग म्हणजे तीच सावली, पुढे पावणेचार-चार लाख किलोमीटर जाऊन पडलेली. एकाच सावलीचं अलीकडचं टोक आणि पलीकडचं टोक एकाच नजरेत. चंद्र क्षितिजाजवळ असल्याशिवाय हे मिळत नाही, म्हणून खालच्या चंद्राला अगदीच नावं ठेवू नका.

जागा आठ दिवस आधी ठरवायची. मैत्री शिर्माकर ओॲसिसमध्ये आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेला खडकाळ पट्टा, दक्षिणेला बर्फाचा चढ, उत्तरेला शेल्फ, म्हणजे समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर. चंद्र पश्चिमेला जाणार आणि पश्चिमेला त्याच खडकांच्या छोट्या टेकड्या, कुठली टेकडी किती अंश खाते ते मुठीने मोजून बघायचं. दोन-तीन दिवस आधीचा चंद्र तंतोतंत त्या वाटेने जात नाही, म्हणून मोबाईलमधलं ताऱ्यांचं ॲप जाण्याआधी डाउनलोड केलेलं असेल तर त्यात ठिकाण आणि वेळ टाकून बघायचं, नेट लागत नाही. दुसरं म्हणजे तिकडच्या थंड हवेत क्षितिजाजवळचं काहीही जागेवर दिसेल याचा भरवसा नाही. हवा थरांची असते, खाली जास्त थंड वर कमी, उजेड वाकतो. नेहमीच्या हवेतच क्षितिजावरची वस्तू अर्ध्या अंशाने वर उचललेली दिसते, म्हणजे अख्ख्या चंद्राएवढी. ध्रुवाकडे कधीकधी फारच जास्त. १५९७ च्या जानेवारीत विलेम बॅरेंट्सची डच मंडळी नोव्हाया झेम्ल्याला अडकली होती, त्यांना सूर्य जवळजवळ दोन आठवडे आधी दिसला, खरा सूर्य तेव्हा क्षितिजाखाली पाच-एक अंश होता, आणि घरी आल्यावर कुणी विश्वास ठेवेना. त्यामुळे शेवटी चंद्र चपटा, पोळीसारखा दुमडलेला किंवा दोन तुकडे झालेला दिसला तर कॅमेरा खराब झाला असं समजू नये.

थंडीचं. तुमचा भाऊ सहा-आठ महिने तिथे आहे म्हणजे कपड्यांचं त्याला मी काय सांगणार. पण काम करताना माणूस हलत असतो, ग्रहण बघताना दोन-तीन तास उभा राहतो, हा फरक आहे, उणे २५ ला उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. एक थर जास्त, पायाखाली लाकडी फळी किंवा फोमचा तुकडा, कारण थंडी तळव्यातून चढते. दर वीस मिनिटांनी शेडमध्ये किंवा कंटेनरच्या आडोशाला जाऊन यायचं. एकटा जायचं नाही, वॉकीटॉकी घेऊन जायचं, रजिस्टरला लिहून जायचं, आणि वाऱ्याचा अंदाज ड्युटीवरच्या हवामानवाल्याला विचारूनच. ऑगस्ट म्हणजे ब्लिझार्डचे, बर्फाच्या वादळाचे दिवस. वारा वाढायला लागला की चंद्र कितीही सुंदर असू दे, आत. पन्नास पावलांवरचं दार दिसत नाही ताई, मी अतिशयोक्ती करत नाहीये, म्हणून तर तिथे बिल्डिंगपासून बिल्डिंगपर्यंत दोर बांधलेले असतात.

कॅमेऱ्याचं जरा सविस्तर, कारण नवीन माणूस इथेच मार खातो. बॅटऱ्या कमीत कमी तीन, एक कॅमेऱ्यात आणि दोन अंगाशी, थर्मलच्या आतल्या खिशात. संपली वाटली तरी फेकायची नाही, अंगाशी गरम केली की परत चालते. मोबाईल दहा मिनिटांत झोपतो, त्याच्यावर विसंबायचं नाही. फोकस उजेड असताना, ग्रहण लागायच्या आधी, चंद्राच्या कडेवर मॅन्युअलने लावायचा आणि रिंगवर चिकटपट्टी मारून टाकायची, नंतर हात लावायचा नाही. ट्रायपॉडच्या पायांना आधीच कापडी टेप गुंडाळायची, उघड्या हाताने धातू धरला की कातडी चिकटते, आणि ट्रायपॉड बर्फावर नाही तर खडकावर ठेवायचा. श्वास. हा सगळ्यात मोठा शत्रू. मी एकदा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक श्वास सोडला आणि काचेवर असं बर्फाचं फूल उमटलं की पुढचा अर्धा तास गेला, पुसायला गेलं तर अजून चिकटतं. तोंड बाजूला करून श्वास सोडायचा, स्क्रीनवर बघायचं, आणि चष्मा असेल तर मास्क नाकाला घट्ट. केबल वाकवायची नाही, प्लास्टिक कडक होतं आणि तडकतं, त्यापेक्षा कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर वापरायचा.

एक्स्पोजर. उजळ चंद्राला आयएसओ २००, एफ ८, एक भागिले २५० सेकंद. पण हे ९३ टक्क्यांचं ग्रहण आहे, त्यात मध्याला गंमत अशी की चमकती कोर नीट आली तर बाकीचा चंद्र काळा येतो, आणि लाल भाग आणायला गेलं तर कोर पार फुटते. म्हणून दोन्ही काढायचे. कोरीसाठी वरचंच सेटिंग, लाल भागासाठी आयएसओ १६००, एफ ५.६, अर्धा ते दीड सेकंद. चंद्र आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा दोन मिनिटांत सरकतो, म्हणून ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर दोन सेकंदांच्या वर गेलं की हललेला येतो. दर दहा मिनिटांनी दोन-दोन फोटो, बस, मधला वेळ डोळ्यांचा. आणि सगळं झाल्यावर सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा तसाच आत नेऊ नको म्हणावं. बाहेरच झिपलॉक पिशवीत घालायचा, तोंड बंद करायचं, मग आत आणून चार तास हात लावायचा नाही. नाहीतर आतली गरम ओलसर हवा थंड लेन्सवर बसते, आतपर्यंत पाणी होतं, आणि तो कॅमेरा उन्हाळ्याच्या टीमबरोबर भंगार म्हणून परत येतो. मेमरी कार्ड आधी काढून घेतलं की धीर धरता येतो.

रंग कसा दिसला ते पण लिहून ठेवायला सांगा. आंद्रे दांजों नावाच्या फ्रेंच माणसाने १९२१ मध्ये खग्रासासाठी शून्य ते चार अशी पट्टी काढली, शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ दिसेनासा, चार म्हणजे तांब्यासारखा लख्ख. लाल रंग येतो कुठून, तर त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय तिथला सगळा तांबडा उजेड वाकून चंद्रावर पडतो. हवा धुळीने किंवा ज्वालामुखीच्या राखेने भरली की चंद्र काळा पडतो, १९६३ मध्ये इंडोनेशियातला अगुंग ज्वालामुखी फुटल्यावर डिसेंबरचं ग्रहण असंच काळंकुट्ट झालं, १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटल्यानंतर १९९२ च्या डिसेंबरचं पण. हे ग्रहण खंडग्रास असल्यामुळे पट्टी पूर्ण लागू नाही, पण मध्याला लाल भाग किती उजळ ते लिहिलं तरी चालेल. चंद्रग्रहण उघड्या डोळ्याने बघायला काही धोका नाही, हे आजींना पण सांगा.

आजींचं वेधाचं. आपल्याकडचा रिवाजच असा आहे की जिथे ग्रहण दिसत नाही तिथे वेध पाळायचे नाहीत. म्हणजे शिरपूरला बिनधास्त राखी बांधा. भावाला दिसणार आहे, त्याने काय करायचं ते त्याच्यावर सोडा, पण एवढं मात्र सांगतो की उणे २५ मध्ये तीन तास उपाशी उभं राहायला मी कुणालाही सांगणार नाही, मग ते वेध असोत नाहीतर काही असोत. आमच्यात एक जण खरंच पाळत होता, त्याला आचाऱ्याने खिचडी बाजूला काढून ठेवली, ग्रहण सुटल्यावर त्याने ती गरम करून खाल्ली, कुणी कुणाला काही बोललं नाही. आणि आजींना अजून एक सांगा, श्रावणी पौर्णिमेचं ग्रहण आपल्या खानदेशला नवीन नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं ते शके ११२८, म्हणजे १२०७ सालच्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. म्हणजे ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणातच दान. लेखाचा शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे. कधी पाटणादेवीला गेलात तर नुसतं दर्शन घेऊन येऊ नका.

त्याला या वेळी हवेने दगा दिला तर २०२९ ची टीम नशीबवान आहे म्हणावं. २६ जून २०२९ ला खग्रास आहे, १०२ मिनिटांचं, मैत्रीवरून चंद्र मध्याला तीस-एकतीस अंशांवर आणि भारतीवरून दहाच्या आसपास. आपल्याकडे मात्र तेव्हा सकाळचे पावणेनऊ, म्हणजे परत नाहीच. आपल्याला पाहिजे असेल तर ३१ डिसेंबर २०२८, रात्री सव्वादहा-साडेदहाला मध्य, खग्रास, थंडीचं कोरडं आकाश, गच्चीवर गोधडी घेऊन बसायचं. ते अंटार्क्टिकावाल्यांना नाही, पण उत्तरेला स्वालबार्डमध्ये न्यू-ऑलेसुंडला आपलं हिमाद्री आहे ना, २०२३ च्या डिसेंबरपासून तिथे हिवाळ्यातही आपली माणसं जायला लागली, त्यांना ते बावीस अंशांवर दिसेल आणि दिवसरात्र अंधारच असल्यामुळे उजाडायची भीतीच नाही.

तुम्ही लिहिलंय की राखी जातानाच त्याच्या सामानात घालून दिली होती. चांगलं केलं, तिकडे मधे पोस्ट येत नाही. फक्त ती बाहेर जाताना हातमोज्यावर बांधू नको म्हणावं, वारा नेतो, आणि धातूचा चांदवा असेल तर थर्मलच्या बाहीवर बांधून वरून जॅकेट, कातडीला लागायला नको. फोटोसाठी दोन मिनिटं बाही वर केली तर चालतंय.